सव्वाशे पट काटकसरी? आधी भागाकार नीट करा

हिशेबनीस: "अमेरिकेत घरखर्च महिन्याला 5 लाखांवर, आपल्या खेड्यात 4 हजार, म्हणजे आपण सव्वाशे पट काटकसरी." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. दोन्ही आकडे सरकारी घरखर्च पाहणीतल्या सरासरीचे. तिकडचे 77,280 डॉलर 2023 च्या अख्ख्या वर्षाचे आणि अख्ख्या घराचे. आपल्या खेड्यातले 4,122 रुपये (2023-24) महिन्याचे, माणशी. तिकडे घरात सरासरी अडीच माणसं. 12 नी भागा, मग 2.5 नी: 2,576 डॉलर. तिथे डॉलरला जे मिळतं ते इथे साधारण 20 रुपयांत येतं. म्हणजे साडे एक्कावन्न हजार. फरक साडेबारा पट.

खाडीकाठ: परसातले नारळ, खाडीतली कालवं, यांना कोण पैसे मोजतो?

हिशेबनीस: आपल्या पाहणीत तेही धरतात. घरच्या पिकाला शेतावरचा भाव, फुकट गोळा केलेल्याला गावच्या बाजाराचा.

दर्यावर्दी: मासळीचं बोला! पाहणीवाले ती मागच्या 7 दिवसांची विचारतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी. मे महिन्यातच सुकट, सोडे, बोंबील अशी सुकी मासळी भरून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी होते. जुलैत आलेला माणूस मासळीवर शून्य लिहून जाणार. फॉर्म बनवणाऱ्यांना आगोट ठाऊकच नाही!

हिशेबनीस: साफ चूक. इथे अन्न खाल्लेलं विचारतात, विकत घेतलेलं नाही. खरेदी अमेरिकेत लिहितात, आठवड्याच्या दोन डायऱ्यांत. तिकडे अख्खी बेगमी एकाच आठवड्यात पडली असती.

दर्यावर्दी: कागदावर सगळं सोपं. वांग्यात मूठभर सुकट टाकली, तिचं वजन कोणती बाई सांगेल?

खाडीकाठ: मूठ विचारूच नये, डबा विचारावा. 15 मेला 2 किलो भरली, 10 जुलैला 600 ग्रॅम उरली. 56 दिवसांत 1,400, म्हणजे रोज 25 ग्रॅम, आठवड्याला 175. फक्त डबा उघडून बघायला हवा. अंदाजाने "अर्धा असेल" म्हटलं की हिशेब बिघडतो.

दर्यावर्दी: हे पटलं. पण विचारणारा तेवढा वेळ ओटीवर टेकला तर! घाईत सुकी मासळी हमखास सुटते.

खाडीकाठ: तेवढं खरं आहे.

कालचा पोस्टकर्ता: सव्वाशे मागे घेतो. काटकसरी मात्र आहोतच.

हिशेबनीस: खेड्यातल्या खर्चातले 47 टक्के अन्नावर जातात, अमेरिकेत 13. पोट भरल्यावर माणशी जेमतेम 2,200 उरतात. त्यातच कपडे, औषध, शाळा, एसटी. याला काटकसर म्हणू नका, हात आखडलेला आहे.