फो-सँडविचच्या वाटीत असतं ते मराठीत काय?

उंबरठा:
एका मैत्रिणीच्या पाककृती मराठीत आणतेय. 'फो फ्रेंच डिप'पाशी गाडं अडलंय. व्हिएतनामचं फो सूप सगळ्यांना माहीत आहे, पण इथे नूडल्सना रजा. बीफचे कागदासारखे काप, कांदा, मुगाचे लांब मोड, थाई तुळस, होइसिन सॉस, सगळं लांब पावात भरायचं आणि शेजारी वाटीत गरम 'फो ज्यू', म्हणजे फोचंच नुसतं पातळ सूप ('ज्यू' हा फ्रेंच शब्द). त्यात पाव बुडवत खायचा.

अंदाज यावा म्हणून सॅन होजेत एके ठिकाणी खाऊन आले. पहिल्या बुडीला टोक मऊ, कवच कुरकुरीत, आणि वासात चक्रीफूल न् भाजलेलं आलं. दुसऱ्या बुडीला पावाचं बूडच सुटलं. काप, मोड, सगळं वाटीत. मग चमचा मागितला, म्हणजे फिरून फोच झालं की.

तर 'ज्यू'ला काय लिहू? मी 'रस्सा' लिहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तवंग नाही, तिखट नाही, हा कसला रस्सा? हे सार."

अर्धविराम:
साराला आंबट काहीतरी लागतं. 'अळणी' लिहा. मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, त्याला आम्ही अळणीच म्हणतो.

तिरपागडे:
अळणी म्हणजे अ-लवण. फोमध्ये नुओक माम ओततात, म्हणजे खारवलेल्या मासळीचं पाणी. त्याला अळणी म्हणायचं? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

अर्धविराम:
आमच्या अळणीतही मीठ असतंच हो. शब्दाचा जन्मदाखला बघून कोणी वाटी तोंडाला लावत नाही.

पोटफोड्या_ष:
सगळे भलतीकडे चालला आहात. अस्सल शब्द घरातच आहे: यूष. आयुर्वेदात मुद्गयूष, म्हणजे मुगाचं कढण, आहेच. आणि गंमत अशी की लॅटिनमध्ये रश्श्याला 'यूस', तो आपल्या यूषाचाच भाऊबंद. त्या यूसचं फ्रेंचमध्ये 'ज्यू' झालं आणि इंग्रजीत 'ज्यूस'. म्हणजे 'ज्यू'ला यूष म्हणणं हे भाषांतर नाहीच, घरवापसी आहे.

उंबरठा:
दादा, व्युत्पत्ती झकास! पण 'सँडविच यूषासोबत वाढावे' वाचून लोक पथ्याचं समजतील.

पोटफोड्या_ष:
वापरल्याशिवाय रुळणार कसा? सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हा तोही कुणाच्या तोंडात नव्हता.

तिरपागडे:
महापौरात पाव बुडवायचा नव्हता.

कडबोळं:
😂 मुळात 'ज्यू'च ठेवा ना. 'पाव' पोर्तुगीज, तो पचला. 'सँडविच' इंग्रजी, तेही पचलं. शुद्धीकरण फक्त वाटीचंच का? आणि व्हिएतनामी लोकांचं बघा. त्यांची आजची लिपीच मुळी रोमन, पोर्तुगीज-फ्रेंच पाद्र्यांनी बसवलेली. आलेक्सांद्र द ऱ्होदचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. त्यांचं काही बिघडलं नाही.

पोटफोड्या_ष:
लिपी बदलली की जुने ग्रंथ परके होतात, याला 'काही बिघडलं नाही' म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

जुनी_वही:
विषय निघालाच आहे तर 'फो' हेही चूक. तो स्वर 'ओ' नाही, लांबवलेला 'अ' आहे. वर सूर खाली जाऊन पुन्हा चढतो, आपण एखाद्याला "हंऽ?" करतो तसा. इंग्रजांना हा अ लिहिता येत नाही म्हणून त्यांची तारांबळ. आपल्याकडे अवग्रह आहे: 'फऽ'. आणि फ सुद्धा 'फळा'तला नव्हे, 'फॅन'मधला.

कडबोळं:
'फऽ सँडविच'? कुणीतरी फुंकर मारल्यासारखं वाटतंय.

तिरपागडे:
फ्रेंचांच्या 'पोतोफ' या मांस-भाज्यांच्या रश्श्यातला शेवटचा 'फ' म्हणजेच फो, असं वाचलंय. दोन्हीत कांदा भाजून घालतात.

जुनी_वही:
ती एक बाजू. दुसरी बाजू चिनी 'फन'ची, म्हणजे तांदळाच्या शेवयांची. मला तीच पटते, कारण व्हिएतनामीत त्या शेवयांना आजही 'बान्ह फो' म्हणतात. हा पदार्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनामात, नाम दिन्ह-हनोईकडे आकाराला आला. तेव्हा तिथे फ्रेंचही होते आणि चिनी फेरीवालेही, त्यामुळे भांडण मिटत नाही. पण शेवयाच 'फो' असतील तर उंबरठाताईंच्या सँडविचमध्ये फो कुठेच नाही!

उंबरठा:
अगं बाई. म्हणजे वाटीसकट नावही गेलं?

अर्धविराम:
मग व्हिएतनामी सँडविच 'बान्ह मी', त्यातला 'बान्ह' काय?

जुनी_वही:
तोच. पाव, केक, शेवया, पापुद्रे, सगळं 'बान्ह'. 'मी' म्हणजे गहू. काही जण 'पँ द मी' या फ्रेंच पावाच्या नावाकडे बोट दाखवतात, पण 'बान्ह' त्याआधीचा आहे.

सुपारी:
उशिरा आले. ताई, 'चक्रीफूल' का लिहिलंय? आमच्या काकू बाद्यान म्हणतात, आणि चक्रीफूल म्हटलं की "ते हिंदीवाल्यांचं" म्हणून नाक मुरडतात.

पोटफोड्या_ष:
काकूंना सांगा, बाद्यान फारसी आहे. मूळ अर्थ बडीशेप.

सुपारी:
काकू म्हणतात, त्यांच्या सासूबाई फारसी बोलत नव्हत्या.

जुनी_वही:
फ्रेंचमध्येही 'बादियान'च. व्हिएतनामच्या लांग सोनमधला बाद्यान फ्रेंच याच नावानं ओळखतात. म्हणजे काकू आणि फ्रेंच एका बाजूला.

उंबरठा:
मंडळी, वाटी गार झाली. मजकूर उद्या द्यायचाय. तूर्तास 'फोचं पाणी' लिहितेय.

अर्धविराम:
'पाणी' नका लिहू, लोक हात धुतील.

सुपारी:
काकू विचारतायत, मसाला वेलचीला फ्रेंच काय म्हणतात?