मदत हवी आहे: जुन्या सीको डायव्हर घड्याळाची डायल मूळची आहे का?

दर्यावर्दी
नमस्कार. वडिलांचे सीको डायव्हर (पाणबुड्यांसाठी बनवलेले) घड्याळ विकायचे आहे. गिऱ्हाईक रविवारी येणार असून भावही ठरला होता; परंतु फोटो पाहिल्यानंतर 'डायल नंतरची दिसते' असे सांगून ते किंमत निम्म्यावर आणू पाहत आहेत. घड्याळ पहिल्यापासून आमच्याच घरात असल्यामुळे डायल बदलली जाण्याचा प्रश्नच येत नाही. फोटो जोडला आहे. जाणकारांनी 'मूळची' किंवा 'नंतरची' एवढेच कृपया लवकर सांगावे.

भिंगवाला
आपण फोटो जोडला आहे, पण फ्लॅशचा झोत नेमका सहाच्या आकड्याखाली पडला आहे आणि आम्हाला पाहायचे असते ते तिथेच. शिवाय मॉडेल कोणते, हेही आपण लिहिलेले नाही. १९६५ पासून सीकोने डायव्हर घड्याळांची इतकी मॉडेले काढली आहेत की, मागच्या झाकणावरील क्रमांकाशिवाय कोणी काही सांगू लागला तर तो अंदाजच समजावा.

स्विसप्रेमी
इतके खोलात जाण्याची गरज नाही. सहाच्या खाली देशाच्या नावाजवळ 'टी २५' अशी खूण आहे का ते पाहावे. त्या काळच्या डायव्हर घड्याळांत अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरत आणि त्याचे प्रमाण २५ मिलिक्युरीपेक्षा कमी असल्याची ती खूण असे. ती नसेल तर डायल बदललेली आहे.

भिंगवाला
ही खूण स्विस घड्याळांची आहे. रोलेक्स किंवा ओमेगाचा प्रश्न असता तर आपले उत्तर उपयोगी पडले असते. हा निकष जपानी घड्याळाला लावला तर कारखान्यातून थेट आलेली डायलही खोटी ठरेल.

दर्यावर्दी
मॉडेल विचारले म्हणून सांगतो: मागे ६३०९-७०४० असे कोरले आहे आणि खालचा क्रमांक ८२ ने सुरू होतो. वडील आखातात बोटीवर होते आणि १९८० साली त्यांनी हे घड्याळ कुवेतमध्ये घेतले. आता तरी उत्तर मिळावे.

जपानी_यंत्र
आता बोलता येईल. या मालिकेचे उत्पादन १९७६ ते १९८८ या काळात झाले. क्रमांकातील पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरे स्थान महिन्याचे असते, म्हणजे ८२ हा फेब्रुवारी १९७८ किंवा फेब्रुवारी १९८८ ठरतो. खरेदी १९८० ची असल्याने १९७८ निश्चित. मात्र ही तारीख केसची, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाची झाली, डायलची नव्हे. डायलसाठी सहाच्या खाली अगदी कडेला भिंगातून पाहावे. तिथे 'जपान' हा शब्द आणि ६३०९ ने सुरू होणारा बारीक संकेतांक असायला हवा. त्यातील शेवटची अक्षरे झाकणावरील क्रमांकाशी तंतोतंत जुळतीलच असे नाही, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये. पण ती ओळच गायब असेल तर गिऱ्हाइकाच्या म्हणण्यात तथ्य आहे.

आखाती_पाहुणा
वाराच्या खिडकीत इंग्रजीबरोबर अरबीही येते का? येत असेल तर घड्याळ आखाती बाजारासाठीचेच आहे. माझ्या मामांचे असेच होते आणि ते शंभर टक्के अस्सल होते. निर्धास्तपणे विकावे.

भिंगवाला
वाराची चकती मशीनवर बसते आणि डायल तिच्या वर असते. चकती अस्सल असल्याने डायल अस्सल ठरत नाही; फार तर वडिलांच्या खरेदीच्या हकिकतीला आधार मिळतो, आणि त्या हकिकतीवर इथे कोणी शंका घेतलेलीच नाही.

कट्टेकरी
एवढा खटाटोप कशासाठी? याच आकाराचे नवे 'टर्टल' सीकोने २०१६ मध्ये बाजारात आणले आहे. ते घ्यावे आणि बिनधास्त पोहावे.

दर्यावर्दी
मला घड्याळ घ्यायचे नसून विकायचे आहे! अरबी वार येतो. बारीक ओळ दिसत नाही, पण काच खरबरीत झाली आहे. काही वर्षे वापरल्यावर एकदा आत पाणी गेले होते, तेव्हा वडिलांनी मुंबईत दुरुस्त करून घेतले. त्या वेळी वॉशर बदलले आणि सफाई केली, एवढेच त्यांना आठवते. डायलविषयी कोणी काही बोलले नव्हते.

निवृत्त_घड्याळजी
दर्यावर्दी, ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती. खारे पाणी आत गेल्यावर सर्वांत आधी डायल बिघडते. रंगाला फोड येतात, खिडकीच्या कडेने गंज चढतो आणि रेडियम (अंधारात चमकणाऱ्या लेपाला आम्ही असेच म्हणतो) काळे पडते. त्या काळी कंपनीची सुटी डायल सहज मिळत नसे. म्हणून जुनी डायल काढून रंगवणाऱ्याकडे पाठवत. तो जुना रंग धुऊन काढी, नवा फवारी आणि अक्षरे छापून देई. गिऱ्हाइकाला घड्याळ स्वच्छ दिसले की झाले, त्यामुळे पावतीवर 'सफाई' एवढेच लिहिले जाई. यात फसवणुकीचा हेतू नसे, तीच दुरुस्तीची रीत होती.

आता घरी काय पाहता येईल ते सांगतो. काच ओल्या फडक्याने पुसावी आणि दिवा बाजूला धरून भिंगातून पाहावे. वार-तारखेच्या खिडकीची कड कारखान्याच्या डायलमध्ये धारदार असते; रंगवलेल्या डायलमध्ये तिथे रंग साचून कड गोलसर होते. मिनिटांच्या रेघा रेडियमच्या ठिपक्यांच्या बरोबर मध्यावर येतात का, ते पाहावे. अक्षरे जाड आणि काठाला फुटलेली दिसतात का, तेही पाहावे. शेवटी घड्याळ थोडा वेळ दिव्याखाली धरून अंधाऱ्या खोलीत न्यावे आणि ठिपके व काटे यांची चमक एकमेकांशी ताडून पाहावी. ही ताडणी फार बोलकी असते, कारण दुरुस्ती करणारा बहुधा दोहोंपैकी एकच बदलतो.

दर्यावर्दी
सर्व करून पाहिले. सहाच्या खाली ओळ नाही, जागा कोरी आहे. चारच्या ठिपक्याजवळची रेघ स्पष्टपणे डावीकडे सरकलेली आहे. अंधारात ठिपके हिरवे चमकत राहिले, तर काटे लगेच विझले. काट्यांवरचा लेप उजेडातही पिवळट दिसतो आणि ठिपके पांढरे आहेत.

जपानी_यंत्र
मग काटे बहुधा मूळचे आहेत आणि डायल या स्थितीत मूळची नाही. १९७८ च्या लेपात आज एवढा दम उरत नाही. रात्रभर टिकणारी हिरवी चमक १९९० च्या दशकात आलेल्या स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटच्या लेपाची असते. माझ्या मते ही बाजारात मिळणारी नवी नकली डायल आहे.

निवृत्त_घड्याळजी
एवढी घाई करू नये. नकली डायलवरही आजकाल संकेतांक छापतात, उलट रंगवणारा कारागीर बारीक ओळ छापण्याच्या भानगडीत पडत नसे. ठिपक्यांवर नंतर कोणी नवा लेप भरला असेल. जुन्या पत्र्यावर नवा रंग, की पत्राच नवा, हे समोरून कळणार नाही.

जपानी_यंत्र
संग्राहकाला दोन्ही सारखेच. मूळची छपाई गेली ती गेली.

निवृत्त_घड्याळजी
संग्राहकाला सारखे असेल, विकणाऱ्याला नाही. 'कंपनीचीच डायल, पाण्यामुळे पुन्हा रंगवलेली' असे पुराव्यानिशी सांगता आले तर भाव निम्म्यावर येण्याचे कारण नाही. डायल सोडवून पाठीमागून पाहावी. पाठ सहसा कोणी रंगवत नाही, त्यामुळे कारखान्याचा शिक्का असेल तर तो तिथे टिकलेला असतो. डायल मशीनवर बसवणाऱ्या बारीक पायांच्या जागी डिंकाचे ठिपके दिसले, तर मात्र जपानी_यंत्र यांचे म्हणणे मी मान्य करीन. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे, आणि त्याला केस पॉलिश करू देऊ नये. ७०४० च्या केसच्या कडा एकदा घासल्या गेल्या की परत येत नाहीत.

दर्यावर्दी
आभारी आहे. रविवारच्या गिऱ्हाइकाला आठवडाभर थांबायला सांगितले आहे आणि पाण्याची हकिकतही कळवली आहे. डायलच्या पाठीचा फोटो इथेच टाकतो.

आखाती_पाहुणा
पण वार अरबीत येतो ना? मग मी म्हटले तसेच झाले.

स्विसप्रेमी
काटे मूळचे आहेत असे ठरले असल्यास आणि ते सुटे द्यायचे असल्यास कृपया मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.