कंप्रेसरला मराठीत काय म्हणावं?

रावपुराकर: आमच्या वडोदऱ्याच्या मंडळात गणपतीत साउंडवर बसणाऱ्या पोरांसाठी मराठीत एक पान लिहितोय. साउंडच्या कंप्रेसरला 'संपीडक' लिहिलं तर एकजण म्हणतो काका, म्हणजे फाइल छोटी करायची का? एमपीथ्री करताना फाइल छोटी होते, इथे मोठ्या आणि बारीक आवाजातलं अंतर कमी होतं, हे शब्दातून कळायला हवं ना. आणि थ्रेशोल्डला काय?

शुद्धलेखनी: उंबरठा! आणि संपीडक वापरलात की रुळेल. याच वडोदऱ्यात १९३१ साली शासन शब्दकल्पतरू हा कोश निघाला, राज्यकारभाराचे शब्द तेव्हा घडवलेच की.

तबल्याचा कान: उंबरठा पटतो. आत आहे तोवर आवाजाला हात लावत नाही, ओलांडला की दाबतो. किती ते रेशोवर, ४:१ असेल तर उंबरठ्याच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ च वर राहतो. म्हणून साधं 'दाबक' म्हणा. पण अटॅकला 'हल्ला' नका लिहू प्लीज.

शुद्धलेखनी: आघात लिहा मग.

तबल्याचा कान: ताई, आघात तबल्याचा असतो, अटॅक म्हणजे मशीनला दाबायला लागणारा वेळ. १ मिलिसेकंद ठेवला की तबल्याच्या 'ना' बोलाची चाट, म्हणजे सुरुवातीचा टणकारा, मरते, ३० ला नेला की चाट निसटते आणि मागची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, दबते. मी तर अटॅकला पकड आणि रिलीजला, म्हणजे दाब सोडायला लागणाऱ्या वेळाला, सोड म्हणतो.

रावपुराकर: पकड-सोड लिहून घेतलं! गेल्या वर्षी आरतीत अख्ख्या मिक्सवर कंप्रेसर होता, रिलीज २ सेकंद, ताशावर काडी पडली की गाणाऱ्या मुलीचा आवाज गायब, परत येईतो पुढची काडी. रिलीज १५० मिलिसेकंदावर आणला तेव्हा कुठे शब्द ऐकू आले.

दांडियाबाजार: उंबरठा उंबराच्या लाकडाचा म्हणून उंबरठा, आजी सांगायची. गुजरातीतही दाराचा उंबरोच.

शुद्धलेखनी: उंबर पाण्यात टिकतो म्हणून विहिरीत घालायचे, दाराला कोण लावेल?

दांडियाबाजार: आमच्या जुन्या वाड्याला होता, सुतारानेच सांगितलेलं.

तबल्याचा कान: तो सागच असणार, सुतार काहीही सांगतात.

रावपुराकर: अहो, मेकअप गेन राहिलं, दाबल्यावर एकूण आवाज परत वर घेतात त्याला काय लिहू? पान उद्या छापायला जातंय.

दांडियाबाजार: साग असता तर वाळवी लागली नसती.