मदत हवी आहे: बेस ऑइलमध्ये चालणारं आयनिक लिक्विड तयार इंजिन ऑइलमध्ये का चालत नाही?

मंडळी, ट्रायबॉलॉजीच्या (घर्षण आणि झीज यांचा अभ्यास) प्रोजेक्टमध्ये अडकले आहे. झीज कमी करायला ऑइलमध्ये आयनिक लिक्विड (कमी तापमानालाही द्रव राहणारं मीठ) घालून बघतेय, आधी बेस ऑइलमध्ये (अ‍ॅडिटिव्ह नसलेलं मूळ ऑइल) आणि मग तयार इंजिन ऑइलमध्ये. आधी टेट्राफ्लुओरोबोरेटवालं इमिडाझोलियम हे आयनिक लिक्विड घेतलं होतं. ढवळल्यावर ऑइल दुधाळ झालं आणि सकाळी बघते तर सगळं थेंबाथेंबाने तळाशी. शिवाय ओलावा लागला की त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल सुटतं, ते धातू खातं. म्हणून ते सोडलंच.

मग लांब शेपट्यांचं (लांब कार्बन साखळ्यांचं) फॉस्फोनियम फॉस्फेट हे दुसरं आयनिक लिक्विड १ टक्का घातलं. पीएओ या सिंथेटिक बेस ऑइलमध्ये अगदी स्वच्छ विरघळलं, फोर-बॉल टेस्टमध्ये (ऑइलमध्ये स्टीलच्या गोळ्या एकमेकांवर घासून झीज मोजतात) गोळ्यांवरचा झिजेचा डागही लहान आला. फार आनंद झाला होता! पण तेच तयार इंजिन ऑइलमध्ये घातलं तर फरक जवळपास नाहीच. मला वाटतं, तयार ऑइलमधले डिटर्जंट आणि डिस्पर्संट (इंजिन स्वच्छ ठेवणारी अ‍ॅडिटिव्ह) धातूच्या पृष्ठभागावर आधीच जागा अडवतात.

प्रमाण वाढवता येत नाही. या १ टक्क्यातूनच सुमारे ०.०७७ टक्के फॉस्फरस येतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गाडीचा धूर शुद्ध करणारा भाग) जपायला इंजिन ऑइलच्या आयएलसॅक जीएफ-६ मानकात फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के आहे. त्यात झेडडीडीपीचाही (तयार ऑइलमधलं नेहमीचं झीजरोधक अ‍ॅडिटिव्ह) फॉस्फरस धरायचा.

तर झेडडीडीपी कमी करून दोन्ही एकत्र वापरताना प्रमाण कसं ठरवता? आणि डिटर्जंटची अडचण तपासायला एकेक अ‍ॅडिटिव्ह बेस ऑइलमध्ये घालत जाऊ का? कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा.