रात्री अडीचला दुकानाची किल्ली घेऊन खाली उतरते

काउंटरवाली:
माझं मेडिकल आहे, तालुक्याच्या गावात, स्टँडसमोर. खाली दुकान, वर घर. वय ३९, काउंटरवर उभी राहून १६ वर्षं झाली.

जूनमध्ये एका आजोबांना बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ ऐवजी १० ची दिली गेली. एकाच कंपनीच्या स्ट्रिपा, रंग जवळपास सारखा, शेजारी शेजारी ठेवलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची सून स्ट्रिप घेऊन आली, "आकडा वेगळा दिसतोय म्हणून विचारते." एकच गोळी पोटात गेली होती. मी लगेच बीपी तपासायला लावलं, डॉक्टरांना स्वतः फोन करून चूक सांगितली. ते म्हणाले, आजपासून पाचची द्या. संपलं. आजोबा ठणठणीत आहेत. परवा येऊन जुनी उधारीसुद्धा देऊन गेले.

पण माझं काही संपलं नाही. दिवसा गर्दीत आठवणही येत नाही. दिवा मालवला की एकेक गिऱ्हाईक परत काउंटरवर येऊन उभं राहतं. त्या थायरॉईडवाल्या बाईंना ५० दिली की ७५? शुगरची मेटफॉर्मिन साधी दिली की एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी? मग काही झालं तर? लायसन्स, पेपरात नाव, मुलगी यंदा दहावीला, सासऱ्यांनी १९८९ साली उघडलेलं दुकान. दहा मिनिटांत मी पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेली असते.

मागच्या मंगळवारी तर कहर झाला. २:४० ला किल्ली घेऊन उतरले. शटर अर्धं उचलून वाकून आत गेले, मोबाईलच्या उजेडात दिवसभराची बिलं पाहिली. तरी समाधान होईना म्हणून कचऱ्याची बादली पालथी केली आणि कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे जुळवत फरशीवर बसले. सगळं बरोबर होतं. वर येऊन आडवी झाले, तोच डोक्यात आलं, पिशव्यांची अदलाबदल झाली असेल तर? त्यात स्टँडवरच्या चहावाल्याला चोर वाटला, त्याने ह्यांना फोन करून उठवलं. सकाळी ह्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

झोपेच्या-घबराटीच्या अल्प्राझोलम गोळ्यांचं खोकं खालच्या कप्प्यातच आहे. घेतली नाही. अशा गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच देता येतात, त्यांची नोंद एच-वनच्या रजिस्टरमध्ये होते; तिथे पेशंट म्हणून माझं नाव लिहायचं, पण डॉक्टरच्या रकान्यात काय लिहू?

"विचार करू नकोस" एवढं सोडून काहीही सांगा.

साजूक_तूप:
जायफळ घालून कोमट दूध, तळपायाला तूप. आमच्या आईचा उपाय. आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

काउंटरवाली:
दूध, तूप सगळं झालं दादा. तळपाय मऊ झाले, एवढा फायदा आहे.

वेबिल_जमा:
ताई, मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. एकदा कॅश भरताना ३४० रुपये कमी आले. पगारातून गेले, त्याचं एवढं काही नाही. पण पुढे दोन महिने रोज रात्री मी तीच गाडी पुन्हा चालवायचो. कोणाचं तिकीट राहिलं, कोणाला सुटे जास्त गेले. झोपेत बोटं मोजायचो म्हणे, बायको सांगते.

आमच्या डेपोला एक म्हातारे कॅशियर होते. ते म्हणाले, वेबिल (वाहकाचा तिकिटांचा हिशोबाचा कागद) जमा झालं, माझी सही झाली, आता पैसे माझे आणि काळजीपण माझी. तू कशाला घरी नेतोस? मला ते लागलं. तुमच्या दुकानाला कॅशियर नाही, तुम्हीच सगळं. मग वही करा. शटर ओढायच्या आधी तारीख घालून सही ठोका. दिवस जमा झाला.

दुसरं एक, हसू नका. सांगली-स्वारगेट मी खूप वर्षं केली. झोप येईना की स्टॉप उलटे म्हणत जायचो. स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, खंडाळा, मग खंबाटकीचा घाट, सुरूर, भुईंज, पाचवड, सातारा. सुलटे पाठ असतात, तोंड म्हणतं आणि डोकं मोकळं राहतं. उलटे म्हणताना डोक्याला काम लागतं. सातारा ओलांडलेलं मला फारसं आठवत नाही.

ओपीडी_क्रमांक_७:
मी समुपदेशक आहे, म्हणून थोडं लांबेल.

तुम्ही खाली जाऊन बिलं बघता तेव्हा पाच मिनिटं हायसं वाटतं. शंकेला तोच खुराक मिळतो. तिला कळतं, हाक मारली की ही बाई उठते. म्हणून उत्तर बरोबर आलं तरी दुसऱ्या मिनिटाला पिशव्यांचा प्रश्न तयार. बादलीतल्या तुकड्यांनी ती कधीच गप्प होणार नाही. वहीची कल्पना मला आवडली, पण काका, एक भीती आहे. सही एकदाच. रात्री सही बघायला उतरलात तर ती वही म्हणजे नवी बादली.

तपासणीची जागा काउंटर. देताना नाव आणि पॉवर गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवा. ५ आणि १० वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. हे अजून केलं नसेल तर आधी ते करा, कारण तुमच्या काळजीतला तेवढा भाग खरा आहे.

संध्याकाळी दुकानात गर्दी नसेल तेव्हा पंधरा मिनिटं काळजीसाठीच बसा, लिहून काढा. रात्री आलं तर म्हणायचं, उद्या साडेपाचला. पहिले काही दिवस हा वेडेपणा वाटतो. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळलात तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी रटाळ करा, डोळे जड झाले की परत या. वेळ अंदाजाने घ्या, घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा. आणि शेवटचा चहा कधी घेता? त्यातलं निम्मं कॅफीन उतरायलाच पाच-सहा तास जातात.

उतरणं महिन्याभरात कमी झालं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तपासत राहण्यावर चांगले उपचार आहेत. रात्री फारच जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात.

काउंटरवाली:
शेवटचा चहा साडेनऊला, शटर ओढता ओढता. फार्मसिस्ट असून मला हे सुचलं नाही, बोला.

काउंटरवाली (१२ दिवसांनी):
कप्पे वेगळे केले. दहाच्या कप्प्यावर मुलीने लाल स्केचपेनने मोठ्ठा १० काढलाय. मोठ्याने वाचायला लागल्यापासून एक आजी म्हणाल्या, "मला ऐकू येतं गं." चहा सहानंतर बंद, त्याने पहिले चार दिवस डोकं ठणकलं.

साडेपाचला बसते. गंमत म्हणजे तेव्हा काही सुचतच नाही. कालच्या पानावर फक्त "लाईट बिल" लिहिलंय.

शनिवारी मात्र उतरलेच. रविवारी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेले, तिथे किल्ली हातात धरून बराच वेळ बसले आणि परत वर आले. ह्यांनी झोपेतच विचारलं, "सापडलं का?"

काका, तुमची गाडी रोज काढते. पण खंबाटकीच्या घाटात थायरॉईडवाल्या बाई चढतात.

वेबिल_जमा:
घाटात स्टॉप नाही ताई. सुरूर फाट्याला उतरवा.