पुरुषांनी रोज टाचेचे बूट घालणं: ऑफिसला सुरुवात कशी करू?

मध्य_रेल्वे

नमस्कार मंडळी. हा प्रश्न विचारू की नको करत दोन वर्षं गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

वय ४१, राहायला डोंबिवली, नोकरी ठाण्याला. ड्राफ्ट्समन आहे, दिवसभर कॉलम-बीमची ड्रॉइंगं काढतो. मला टाचेचे बूट आवडतात. ऑफिसच्या बुटाला पाऊण-एक इंचाची टाच असतेच, ती नव्हे. चांगली अडीच इंच, कडेने चामड्याचे थर दिसणारी, खाली जरा निमुळती होत गेलेली. वर घोट्यापर्यंतचा काळा बूट, बाजूला चेन. बाकी पँट-शर्ट सगळ्यांसारखाच.

माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे, त्यामुळे ‘उंच दिसायचंय का’ हा विषय नाही. ही आवड कॉलेजातली. एकांकिकेत इंग्रज अधिकाऱ्याचं काम होतं आणि ड्रेपरीवाल्याने घोडेस्वाराचे बूट आणून दिले, दोन इंची टाचेचे. पायात घातले आणि दिग्दर्शक महिनाभर जी चाल माझ्याकडून काढून घ्यायला धडपडत होता ती एका मिनिटात आली. पाठ सरळ झाली, पाऊल मोजून पडायला लागलं, लाकडी स्टेजवर टक टक आवाज. प्रयोग संपल्यावर मेकअप पुसला, कोट परत केला. बूट सगळ्यात शेवटी काढले.

गेलं वर्षभर घरी घालतोय. रात्री जेवण झालं की गच्चीत अर्धा तास फेऱ्या. बायकोला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, “खालच्या मजल्यावरच्या आजी दहाला झोपतात, त्याआधी खाली या.” त्यापलीकडे आमच्यात यावर वाद झाला नाही, आणि त्यासाठी मी तिचा फार ऋणी आहे.

आता मला हे बूट लपवायचे नाहीत, रोज ऑफिसला घालायचे आहेत. पण सुरुवात कशी करू? दुसरं म्हणजे माझा नंबर नऊ. ऑनलाइन बायकांचे बूट ४१ नंबरचे मागवले, पंजा इतका आवळला की करंगळी चार दिवस बधिर होती. मग आमच्या नाक्यावरच्या दुकानात जुन्या बुटाला उंच टाच ठोकून घेतली, तर बुटाचं नाकच खाली दाबलं गेलं. टेबलावर ठेवला की होडीसारखा डुलतो. आणि तिसरं, गुडघे-कंबर. दहा वर्षांनी पस्तावायची वेळ येऊ नये.

---

विरारवासी

आत टाकायची उंचीची गादी मिळते, दीड इंच उंची वाढते, बाहेरून कुणाला कळतही नाही. ती घ्या.

---

मध्य_रेल्वे

धन्यवाद, पण मला कळू द्यायचं आहे. टाच दिसायला हवी, तिचा आवाजही यायला हवा.

---

पंचगंगा

मध्यरेल्वे, तुमची गच्ची वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी ६८ वर्षांचा, कोल्हापूरचा. १९७४-७५ साली आमच्या कॉलेजात बेलबॉटम आणि टाचेचे बूट न घालणारा पोरगा शोधावा लागे. पँटची मोहरी एवढी रुंद की बूट झाकला जायचा. खाली जाड सोल आणि त्यावर अडीच-तीन इंचाची चौकोनी टाच. पैलवानकी करणारी पोरंसुद्धा घालायची. बायकी म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण सगळेच घालत होते. पुढं मोहरी अरुंद झाली, टाच गेली, आणि दहा-पंधरा वर्षांत लोक विसरले की ती होती.

दुसरं सांगतो. आमच्याकडं कोल्हापुरी पायताण करून घेताना आजही लोक सांगतात, वाजली पाहिजे. करकर करत माणूस गल्लीत शिरला की घरात कळायचं, कोण आलं ते. चांगल्या पायताणाची टाच चामड्याचे थर एकावर एक बसवून वादीनं शिवलेली असते. पाय वाजत यावा ही हौस आपल्याकडच्या पुरुषाला नवी नाही बघा. तुमची टकटक त्यातलीच.

---

टोरांटोची_थंडी

इथे टोरांटोत ब्लूर स्ट्रीटवर बाटा शू म्युझियम आहे, सेंट जॉर्ज मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच. इमारतही बुटाच्या खोक्यासारखी, झाकण जरा तिरकं ठेवल्यासारखं छप्पर. २०१५ मध्ये तिथे फक्त पुरुषांच्या टाचांवर प्रदर्शन भरलं होतं. एलिझाबेथ सेमेलहॅक या तिथल्या क्युरेटर, त्यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलंय. मी नवऱ्याबरोबर सहज गेले आणि तीन तास बाहेर आले नाही.

टाच आली घोड्यावरून. इराणी स्वार रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या पायकडीत) उभं राहून बाण मारायचे, तेव्हा पाय पुढे सरकून अडकू नये म्हणून बुटाला टाच. १५९९ मध्ये इराणच्या शाह अब्बासने युरोपात वकील पाठवले, तिकडे इराणी गोष्टींचं वेड लागलं आणि दरबारी पुरुषांनी टाच उचलली. बायकांनी ती पुरुषांकडून घेतली, मुद्दाम पुरुषी दिसावं म्हणून. संग्रहालयाच्या संग्रहातला सतराव्या शतकातला एक इराणी जोड मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. घोड्याचं चामडं ओलं असताना त्यात मोहरीचे दाणे दाबून काढायचे, मग त्यावर बारीक खळगे उठतात. आपल्या डब्यातली मोहरी! सगळ्या बुटावर तसे खळगे आहेत.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं रिगोने १७०१ मध्ये काढलेलं चित्र शोधून बघा. झगा बाजूला सारून राजा पाय दाखवत उभा आहे आणि टाचा लालभडक. त्याच्या दरबारात लाल टाच हा मानाचा प्रकार होता. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या पुरुषांनी ती सोडली, पण पूर्ण नाहीच. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या बुटाला तीच तिरकी टाच राहिली, तीही रिकिबीसाठी. आणि १९६० च्या दशकात बीटल्सनी लंडनच्या अनेलो अँड डेव्हिडकडून जे बूट करून घेतले, त्यांना क्यूबन टाच होती. तुम्ही वर्णन केलेली टाच हुबेहूब तीच आहे, दुकानात हेच नाव सांगा.

हे कुणाला पटवून देण्यासाठी पाठ करा असं नाही हं. आवडतं म्हणून घालणं पुरे आहे.

---

फिजिओ_नाशिक

दादा, तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. टाच वर गेली की वजन पुढे चवड्यावर येतं, पोटरी आखडलेल्या स्थितीत राहते. वर्षानुवर्षं टाचा घालणाऱ्या बायकांवरचा २०१० चा एक अभ्यास आहे. त्यांच्या पोटरीच्या स्नायूतले तंतू आखूड झाले होते आणि टाचेमागची शीर जाड, ताठर. म्हणूनच अशा बायकांना सपाट चप्पल घातली की पोटरी ओढल्यासारखी वाटते. पुरुषाचं शरीर याला अपवाद नाही.

मग करायचं काय? घरी आल्यावर बूट काढून अनवाणी चालायचं. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली सोडायच्या, तीस सेकंद, तीन वेळा, रोज. आठवड्यातून दोन दिवस सपाट बूट. चालताना गुडघा वाकवून ठेवू नका, नवखे सगळे तेच करतात आणि मग गुडघ्याला दोष देतात. गच्चीत वर्षभर अर्धा तास चाललात, ही तयारी फार चांगली झालीय. चवड्याखाली जळजळ किंवा बोटांत मुंग्या आल्या तर मात्र त्या दिवशीच थांबायचं.

---

फर्मा_आणि_टाच

माझी आयुष्याची अठरा वर्षं बूट बनवण्यात गेली. तुमचा डुलणारा बूट वाचून वाईट वाटलं, कारण तो जोड वाया गेला.

बूट ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढतो तो टाचेच्या उंचीनुसार बनलेला असतो. एक इंचाच्या फर्म्यावरचा बूट अडीच इंचावर उभा केला की बुटाची कंबर (टाच आणि पंजामधला भाग) मोडते, नाक खाली दाबलं जातं आणि आतली पोलादी पट्टी वाकते. जुन्या बुटाला फार तर पाव इंच वाढवता येतं. बायकांचा ४१ तुम्हाला होणार नाही, कारण नऊ नंबर म्हणजे ४३ च्या आसपास. शिवाय त्यांचा फर्मा अरुंद, पंजाचा घेर तुमच्या पायापेक्षा कमी.

ठक्कर बाप्पा कॉलनीत जा, कुर्ला-चेंबूरच्या मधे. घरोघरी बूट बनतात. नाचाचे आणि नाटकाचे बूट करणारा कारागीर विचारत जा, त्याच्याकडे पुरुषी पंजाचा उंच फर्मा असण्याची शक्यता जास्त. माप संध्याकाळी द्या, तोवर पाय थोडा सुजलेला असतो. दोन्ही पायांचं द्या. कागदावर उभं राहून रेघ मारून घ्या, बसून नको. टाच चामड्याच्या थरांची करायला सांगा, खाली रबराची टोपी, म्हणजे झिजली की तेवढीच बदलता येते. तीन इंच हवी असेल तर पुढे अर्ध्या इंचाचं सोल घ्या, पायाला चढ अडीचचाच लागतो.

---

आई_कल्याण

भाऊ, तुमची आवड तुमच्यापाशी, पण एक विचारते. घरी मूल आहे का? शाळेच्या दारात लोक बोलतात ते मुलांना सोसावं लागतं. आणि लोकलच्या गर्दीत टाच घसरली तर? मला काळजी वाटली म्हणून लिहिलं, राग मानू नका.

---

मध्य_रेल्वे

राग अजिबात नाही. मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिला मी विचारलं होतं. तिने बूट हातात घेऊन टाचेवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, “हे कथ्थकच्या बाईंसारखं वाजतं का?” शाळेच्या दाराचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण तिने तिच्या बाबाला आवडती गोष्ट लपवताना बघत मोठं व्हावं, हे मला त्याहून जड जातं. गर्दीचं तुमचं म्हणणं मानतो. चढता-उतरताना धरायला दांडा हाताशी असेल तरच पाय टाकीन.

---

मध्य_रेल्वे

दोन महिन्यांनी लिहितोय.

ठक्कर बाप्पा कॉलनीत तिसऱ्या कारागिराकडे काम झालं. पहिल्याने “लेडीज का है क्या?” विचारलं, दुसऱ्याकडे फर्मा नव्हता. तिसरे साठीचे गृहस्थ, लग्नाच्या बँडवाल्यांचे आणि नाटकवाल्यांचे बूट करतात. त्यांनी काहीच विचारलं नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, मला दोन्ही पायांवर सारखं वजन द्यायला सांगितलं आणि पेन्सिल पायाला चिकटवून कडेने फिरवली. मग पट्टीने पंजाचा घेर, पावलाच्या पाठीचा घेर, घोटा. उजवा पाय डाव्यापेक्षा लांब निघाला, चार मिलिमीटरने. ४१ वर्षांत मला हे माहीत नव्हतं. उजव्या फर्म्याच्या टोकाला त्यांनी चामड्याचा पातळ तुकडा चिकटवला, तासला, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा तासला. त्या एका तुकड्याला पंधरा मिनिटं.

बारा दिवसांनी जोड मिळाला. टाच सव्वादोन इंच ठेवली, त्यांनीच सुचवलं.

पहिल्यांदा शनिवारी भाजी आणायला फडके रोडपर्यंत गेलो. मग सोमवारी ऑफिस. लोकलमध्ये दोन मुलांनी एकमेकांना कोपर मारलं आणि एकाने मोबाईल खाली धरून फोटो काढला. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. ठाणे येईपर्यंत मी दुसरीकडे बघत होतो, पण पाय बाकाखाली ओढले नाहीत. ऑफिसात पहिले चार दिवस कुणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी आमचे मोठे साहेब कॉरिडॉरमध्ये थांबले, खाली बघितलं आणि विचारलं, “चामडं ओरिजिनल आहे?” हो म्हटलं. “पावसाळ्यात जपा,” म्हणाले आणि गेले. त्यानंतर एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन कारागिराचा पत्ता मागितला. कशासाठी ते मी विचारलं नाही.

पंचगंगा काका, आमच्या ऑफिसच्या जिन्याला कडाप्पा आहे. आवाज छान येतो.

फिजिओ ताई, पायरीवरचा व्यायाम रोज करतो, पोटरीची तक्रार नाही. एक विचारायचं होतं. काल टोपी बदलायला गेलो तर उजव्या टाचेचं रबर मागच्या बाहेरच्या कडेला तिरकं झिजलंय, डाव्याचं सरळ आहे. कारागीर म्हणाले, उजवा पाय बाहेर पडतोय. हा चार मिलिमीटरचा परिणाम असेल, की माझी चालच तशी आहे? यावर काही करता येईल का?