प्रतिसाद: चार चाकं म्हणजे सुरक्षित?

‘चार चाकं आहेत, म्हणजे बाइकपेक्षा एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालवायची, बाइकसारखं हँडल-सीट असलेली चारचाकी) सुरक्षित’ असं वर कुणीतरी लिहिलंय. हे काही पटलं नाही. गाडी आखूड, उंच आणि दोन-तीनशे किलोंची. उलटली की चालवणाऱ्याच्याच अंगावर येते. तोल आपण अंगाने सांभाळायचा: चढाला पुढे, उताराला मागे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला. एकट्यासाठीच्या गाडीची सीट लांब असते ती असं सरकता यावं म्हणून, डबलसीटसाठी नव्हे! चढावर गाडी अडलीच तर ब्रेक दाबून धरा, पार्किंग ब्रेक लावा आणि वरच्या बाजूने उतरा. मागे घरंगळू देऊ नका.

डांबरी रस्ता शक्यतो टाळाच. बऱ्याच एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि टायरमध्ये हवा जेमतेम ५ पीएसआयच्या आसपास असते, त्यामुळे वळणावर गाडी भलतीच वागते.

समोरून घोडेस्वार आला तर नुसतं हळू होणं पुरत नाही. उताराच्या बाजूला थांबा, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा आणि स्वाराशी दोन शब्द बोला. आवाज ऐकला की हा माणूसच आहे हे घोड्याला कळतं, मग तो बुजत नाही.

आणि चिखलाचं डबकं दिसलं की बाजूच्या गवतातून गाडी घालणारे (मीही पूर्वी त्यातलाच), पायवाटेचा हमरस्ता आपणच करतो. उथळ असेल तर सावकाश मधूनच न्या. फारच ओलं असेल तर त्या दिवशी गाडी घरीच.